गळ्यातलं दूध

कानपूर, ६ फेब्रुवारी १९८३

फूफी, आदाब.

तुमचं पत्र येऊन पंधरवडा झाला. टॅनरीत सध्या काम इतकं आहे की घरी आल्यावर हाताचा वास घालवण्यातच तास जातो, आणि तरी तो जात नाही. म्हणून उशीर झाला, रागावू नका.

तुमच्या गल्लीतला मुराद अली परवा आग्र्याहून आला होता. त्याच्याकडून कळलं की तुम्ही गच्चीच्या जिन्यावरून घसरलात आणि आठ दिवस पाय सुजला होता. तुमच्या पत्रात याबद्दल एक अक्षर नाही. फूफी, फूफांना जाऊन चार वर्षं झाली. कबुतरं हा त्यांचा शौक होता, तुमचा नव्हे. बासष्टाव्या वर्षी तुम्ही गच्चीवर उभ्या राहून शिट्ट्या वाजवता आणि सगळा नाई की मंडी मोहल्ला मान वर करून बघतो, हे मला बरं वाटत नाही. कबुतरं कुणाला तरी देऊन टाका. ढाबळ मोडा. खालच्या खोलीत आरामात राहा.

आणखी एक सांगायचं आहे. जेद्दाहला चामड्याच्या एका कारखान्यात तीन वर्षांचं काम मिळतंय. ऑक्टोबरात जावं लागेल. इथे तरी आता मला कशानं धरून ठेवलंय?

सबीहा फिरोझाबादला मावशीकडे मजेत आहे. डिसेंबरात तुमच्याकडे येताना मधे उतरून तिला पाहून आलो होतो. छान बाळसं धरलंय. रिफअत आपा तिला जमिनीवर ठेवत नाहीत. तिची आई, नुजहत, असती तरी तिनं यापेक्षा वेगळं काय केलं असतं?

तुमचा,
इश्तियाक

*

आग्रा, २ मार्च १९८३

इश्तियाक बेटा, माझं उरलेलं आयुष्यही तुलाच लाभो.

मुराद अलीच्या जिभेला हाड नाही. पाय सुजला होता, आता उतरलाय. आणि कबुतरं तुझ्या फूफांची होती असं तुला कुणी सांगितलं? ते उडवायचे, पैजा लावायचे, चार लोकांत मिरवायचे. जोड्या लावणं, अंडी बघणं, आजारी पिलाच्या चोचीत लसणीची पाकळी घालणं हे कोण करत होतं? त्यांचा शौक होता तो त्यांच्याबरोबर गेला. माझं काम होतं, ते राहिलंय.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. यंदा कलसिऱ्याची जोडी लागली. तो पांढरा, काळ्या डोक्याचा, ज्याला तू गेल्या खेपेला 'मौलवीसाहेब' म्हणालास. आठ दिवस तो त्या लाल मादीभोवती गळा फुगवून घुमत फिरत होता, शेपटीनं जमीन झाडत. ती अशी दाणे टिपत होती जशी काही बहिरीच आहे. नवव्या दिवशी तिनं त्याच्या चोचीत चोच घातली आणि त्यानं पिलाला भरवावं तसं तिला भरवलं. त्यांच्यात होकार असाच देतात. पुढचं पापणी लवेपर्यंत उरकतं, आणि मग दोघं पंखांच्या टाळ्या वाजवत अशी उडतात, जणू गल्लीला निमंत्रणच देतायत.

मग काड्या. तो एकेक काडी आणायचा, तिच्या पाठीवर उभा राहून तिच्यापुढे ठेवायचा, ती अंगाखाली सरकवायची. एका वेळी एकच काडी. दोन आणल्या तर पाप लागेल जणू. परवा संध्याकाळी पहिलं अंडं आलं. ते ती अजून नीट उबवत नाही, नुसती वर उभी राहते. एक दिवस मधे जातो, आज दुपारी दुसरं आलं की खरी बैठक. म्हणजे दोन्ही पिलं एकदमच फुटतात, एक थोरलं होऊन दुसऱ्याचा घास हिसकत नाही. एवढी अक्कल त्यांना कुणी दिली, अल्लाला ठाऊक.

बाळसं धरलंय म्हणतोस. दात आले का? सहा महिने झाले तिला. रांगते की अजून पोटावर सरकते? हे लिही. जेद्दाहचं नंतर बघू.

कनीज फातिमा

*

कानपूर, १२ मार्च १९८३

फूफी, आदाब.

दात आले असतील. लहान मुलांना येतातच. पुढच्या वेळी विचारून लिहीन.

काड्यांचं वाचून हसू आलं. मी आठ वर्षांचा असताना एका नरासमोर झाडूच्या हिरांचा ढीग टाकला होता, त्याचे हेलपाटे वाचावेत म्हणून. तो ढिगातून एकच काडी उचलायचा, परत यायचा, दुसरी उचलायचा. तुम्ही म्हणाला होतात, "त्याला काडी द्यायची नाहीये, त्याला यायचं आहे." तेव्हा काही कळलं नव्हतं.

जेद्दाहचं आताच बघावं लागेल. तय्यबभाई, म्हणजे रिफअत आपांचे मियां, ईदला स्टँप पेपर घेऊन येतो म्हणालेत. मी मुलगी त्यांना दिली, पुढे मागणार नाही, असं लिहून द्यायचं. मला त्यात गैर काही दिसत नाही. त्यांना तीन मुलगे, मुलगी नाही. सख्ख्या मावशीचं घर आहे. बापाचं एक पत्र आलं नाही तरी मी तुमच्याकडे, त्याच्या बहिणीकडे, वाढलोच ना? माझं काय वाईट झालं? तुम्हीच तर माझी आई. मग सबीहाचं का होईल?

तुमचा,
इश्तियाक

*

आग्रा, २७ मार्च १९८३

बेटा,

तुझं पत्र दोन दिवस उशीखाली ठेवून मग लिहायला बसले. आधी कबुतरांचं सांगते, कारण तिथे फार काही घडलंय.

अंडी सातव्या दिवशी उन्हात मुठीत धरून पाहिली. दोन्हींत लाल कोळ्याचं जाळं दिसलं, म्हणजे जीव धरलाय. तुला आठवत असेल, यांच्यात पाळ्या असतात. सकाळी दहाच्या सुमाराला नर येतो, मादी उठते, दाणापाणी करते, ऊन खाते. चार वाजले की ती परत, आणि मग रात्रभर सकाळपर्यंत तीच. घड्याळ बिघडलं तर मी यांच्यावर लावते. अठराव्या दिवशी पिलं फुटली. पिवळ्या लवेची, मिटल्या डोळ्यांची, अंगापेक्षा चोच मोठी. असली कुरूप पिलं दुसऱ्या कुठल्या पाखराला होत नसतील.

पाचव्या दिवशी दुपारी मादी गच्चीच्या कठड्यावर ऊन खात बसली होती आणि शिकऱ्यानं नेली. माझ्या डोळ्यांदेखत. मी ताट बडवलं, ओरडले, त्यानं ढुंकून पाहिलं नाही. कठड्यावर चार लाल पिसं राहिली.

मौलवीसाहेब आत पाळीवर होते. चार वाजले. तो उठला, दाराशी आला, इकडेतिकडे पाहिलं. परत जाऊन बसला. साडेचारला पुन्हा उठला. पाचला पुन्हा. मग उठला नाही. रात्रपाळीही त्यानंच केली. दुसऱ्या दिवशीही तोच. दाणे खायला घाईघाईनं यायचा आणि अर्ध्यात परत.

तू म्हणशील, आईविना एवढीशी पिलं कशी जगणार? कबुतरांत दूध आईलाच येतं असं नाही. पिलं फुटायच्या सुमाराला दोघांचीही गळ्याखालची पिशवी आतून जाड होते आणि तिच्यात दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं तयार होतं. पिलू आपली चोच थेट त्याच्या घशात घालतं आणि ओढून घेतं. पहिले दिवस त्याला दुसरं काही चालत नाही. बापाच्या गळ्यातलं दूध, बेटा. अंड्यावर बसला नसता तर आलं नसतं. अठरा दिवस बसला म्हणून आलं.

पुढे काय होतं ते कळवीन. स्टँप पेपरबद्दल आज काही लिहीत नाही.

कनीज फातिमा

*

कानपूर, ८ एप्रिल १९८३

फूफी, आदाब.

मी लहान नाही. तुम्ही कबुतरांच्या आडून मला काय सांगताय ते मला कळतं. मला सरळ बोललेलं चाललं असतं.

मी कबुतर नाही, फूफी. मला सकाळी आठला चुन्याच्या हौदाशी उभं राहावं लागतं आणि संध्याकाळी सातला सुटका होते. माझ्या गळ्यात काही तयार होत नाही. मी बसलोच नाही कशावर, मग येणार कुठून?

आता सरळ सांगतो, तुम्हीही सरळ वाचा. त्या दिवशी दवाखान्यात दाईनं गुंडाळलेलं बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मुलगी आहे, नाक आईचं घेतलंय." आत नुजहतवर चादर ओढत होते. मी फडकं बाजूला करून पाहिलं नाही. रिफअत आपा शेजारी उभ्या होत्या, त्यांच्या हातात दिलं. नुजहतच्या चाळिसाव्याला फिरोझाबादला गेलो तेव्हा ती झोपली होती. मी बाहेरच्या खोलीत बसून परत आलो. डिसेंबरात उतरलो होतो असं लिहिलं ते खोटं. गाडी फिरोझाबादला थांबली, मी खिडकीपाशी बसून राहिलो. समोरच्या बाकावर एक माणूस शेंगा सोलत होता. मी त्याच्या शेंगा बघत राहिलो आणि गाडी सुटली. मला तिचा चेहरा माहीत नाही, फूफी. दात कुठून माहीत असणार?

असल्या बापानं सही केली तर मुलीचं भलंच होईल.

तरी एक विचारतो. ती दोन पिलं जगली का?

इश्तियाक

*

आग्रा, २५ एप्रिल १९८३

बेटा,

जगली. दोन्ही. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा उडाली, गच्चीतल्या बांबूवर कबुतरांना बसायला बांधलेल्या छत्रीवर जाऊन बसली, आणि खाली कसं यायचं ते न कळून संध्याकाळपर्यंत तिथेच रडत होती. मौलवीसाहेब वाळून निम्मे झालेत, पण आता सावरतायत.

तू खरं लिहिलंस, बरं केलंस. तुला बोल लावण्याइतकी मी भली बाई नाही. मी आपली बुरखा चढवला आणि फिरोझाबादला जाऊन आले. पायाला काही झालं नाही.

ऐक. वरचे दोन, खालचे दोन, असे चार दात आलेत. रांगते, पण सरळ नाही, खेकड्यासारखी तिरकी. गोरी नाही, आपल्यासारखीच गव्हाळी. नाक खरंच नुजहतचं आहे, पण रुसते तेव्हा खालचा ओठ काढते तो तुझा. मला पाहून रडली नाही, माझ्या चष्म्याची काडी धरून ओढली.

आणि रिफअत. तिच्याबद्दल वाईट बोलायला तोंड उघडणार नाही. तिच्या घरी बांगड्या जोडायचं काम वर्षानुवर्षं चालायचं, ते तिनं बंद केलंय. काचेचा कण मुलीच्या गुडघ्यात जाईल म्हणून. तरी जुन्या फटींतून काहीतरी चमकतं, म्हणून दिवसातून तीनदा ओल्या फडक्यानं अंगण पुसते. मी पाहिलं तेव्हा गुडघ्यांवर बसून, डोळे जमिनीला लावून पुसत होती.

सही करू नको असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते, जी वस्तू देतोयस ती आधी पाहून घे. न पाहिलेल्याचं दान होत नाही, नुसतं टाकणं होतं.

कनीज फातिमा

*

फिरोझाबाद, ९ मे १९८३

आदरणीय फूफी,

तुमच्यापेक्षा वयानं आणि अकलेनं लहान आहे, काही जास्त लिहून गेले तर पोटात घाला.

तुम्ही आलात, सबीहाला मांडीवर घेतलंत, आम्हाला आनंद झाला. पण काल इश्तियाक मियांचं पत्र आलं की सहीचं ईदनंतर पाहू, आधी मी येऊन जातो. त्यांनी तुमच्या कबुतराची हकिकतही लिहिली आहे. यांनी ती मला वाचून दाखवली. यांना फार आवडली. मला रात्रभर झोप नाही.

फूफी, बाप एकटा पिलं वाढवतो हे खरं असेल. पण आमचंही ऐका. नुजहत गेली तेव्हा माझा धाकटा दीड वर्षाचा होता, माझं दूध आटत आलं होतं. या दोन दिवसांच्या पोरीच्या पोटात वरचं दूध टिकेना. मी तिला छातीशी धरलं. पहिले तीन दिवस काही नव्हतं, ती नुसती ओढायची आणि रडायची, आणि मी रडायचे. चौथ्या दिवशी आलं. माझ्या मुलांची ती दूधबहीण आहे. धर्मानं, रक्तानं, दोन्हीकडून माझी आहे. बहिणीचं तोंड मला शेवटचं पाहायला मिळालं ते चादरीखालचं, आणि तिचं उरलंय ते एवढंच.

इश्तियाक मियां वाईट नाहीत. पण ते आज येतील, चार दिवस जीव लावतील, आणि ऑक्टोबरात विमानात बसतील. किंवा तिला उचलून नेतील. दोन्हींत मी मरते.

तुम्ही स्वतः दुसऱ्याचं मूल वाढवलंय. तुम्हाला तरी कळायला हवं होतं.

रिफअत

*

आग्रा, २० मे १९८३

इश्तियाक,

सोबत रिफअतचं पत्र घातलंय. तिला विचारलेलं नाही, पण तू वाचायला हवंस.

आता मी. तुला मी दोन गोष्टी अर्ध्या सांगितल्या. एक लहान, एक मोठी.

लहान आधी. दोन्ही पिलं जगली हे खरं. पण मौलवीसाहेबांनी एकच वाढवलं. मादी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी दिसलं की दुधाला तो एकटा पुरत नाही, धाकट्याची मान लुळी पडायला लागली होती. पलीकडच्या खणात नसावरा जातीच्या जोडीची पिलं त्याच सुमाराला फुटली होती, त्यांतलं एक मेलं होतं. धाकटं उचलून मी तिथे ठेवलं. त्या दोघांनी एकदा वाकून पाहिलं आणि चोच उघडली. परकं म्हणून एक टोच मारली नाही. महिन्याभरानं दोन्ही भावंडं छत्रीवर शेजारी बसली तेव्हा कुठलं कुणाकडे वाढलं, हे मलाही खूण बांधल्यावाचून सांगता आलं नसतं. हे मी तुला लिहिलं नाही, कारण मला सोयीचं नव्हतं. पाखरं कुणाच्या बाजूनं साक्ष देत नाहीत. मी द्यायला लावली.

आता मोठी. रिफअतनं शेवटी लिहिलंय ना, मला कळायला हवं होतं. तिला ठाऊक नाही ती काय लिहून गेली.

तू लिहिलंस, बापाचं एक पत्र आलं नाही. बेटा, पत्रं आली होती. तीन. तुझी आई गेली तेव्हा तू वर्षाचाही नव्हतास. तू चालायला लागल्यावर तसद्दुक, माझा भाऊ, तुला माझ्याकडे ठेवून कराचीला गेला, पाय रोवले की नेतो म्हणून. मला मूल नव्हतं. चोपन्न साली त्याचं पहिलं पत्र आलं, घर मिळालंय, मुलाला घेऊन या, किंवा मी सरहद्दीपर्यंत येतो. तू तेव्हा पाच वर्षांचा होतास आणि मला अम्मा म्हणायचास. फूफी म्हणायला मी तुला नंतर शिकवलं, पाप थोडं हलकं व्हावं म्हणून. मी उत्तर दिलं नाही. दुसरं आलं, दिलं नाही. तिसऱ्यात त्यानं विचारलं होतं, मुलगा जिवंत तरी आहे का? त्यालाही नाही. तुझ्या फूफांना मी कळू दिलं नाही. एकसष्ट साली तिकडून कुणीतरी आलं आणि सांगितलं, तसद्दुक गेला. तू बारा वर्षांचा होतास. तू एकदाच विचारलंस, "त्यांनी मला कधी बोलावलं नाही का?" मी म्हणाले, नाही.

मी तुला प्रेमानं वाढवलं, यात खोटं नाही. ज्यानं बोलावलं त्याच्यापासून लपवलं, यातही नाही. दोन्ही एकाच हातानं केलं. रिफअतला मी ओळखते ते यामुळे. आणि तू सही करू नयेस असं वाटतं तेही यामुळे. कागदावर लिहून दिलेलं मूल कधीतरी विचारतं.

शिव्या द्यायच्या तर दे. पत्र मात्र लिही.

कनीज फातिमा

*

कानपूर, ३० जून १९८३

तुमचं पत्र मिळालं. रिफअत आपांचंही. दोन्ही इतक्यांदा वाचली की घड्या फाटल्या.

ती तीन पत्रं तुमच्याकडे असतील तर पाठवा.

इश्तियाक

*

आग्रा, ४ जुलै १९८३

दोन आहेत, ती पाठवते. तिसरं मी त्याच दिवशी चुलीत घातलं होतं. त्यातलं जेवढं आठवत होतं तेवढं लिहून दिलंच आहे.

रोज्यात पोट सांभाळ.

*

फिरोझाबाद, १७ जुलै १९८३

फूफी, आदाब.

ईदला इथे उतरलो तो अजून इथेच आहे. म्हणून पाकिटावर फिरोझाबादचा शिक्का बघून घाबरू नका.

गाडीत अब्बांची पत्रं वाचली. मला वाटलं होतं त्यांत काही मोठं असेल. त्यांत विचारलंय की मुलगा रात्री दचकून उठतो का अजून, आणि गच्चीच्या त्या बाजूला कठडा घातला का, जिथून तो खाली वाकायचा. बोलावण्याची एक ओळ, बाकी पानभर एवढंच. एक माणूस चार वर्षं कराचीत बसून आग्र्यातल्या कठड्याची काळजी करत होता आणि त्याला कुणी सांगितलं नाही की कठडा झालाय. मी गाडीतून उतरलो तेव्हा डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं.

सबीहा मला पाहून इतकी रडली की शेजारची बाई धावत आली. रिफअत आपा म्हणाल्या, "रोज नवा माणूस पाहते कुठे ती?" आणि तिला आत घेऊन गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर थोडं समाधान होतं, ते मी पाहिलं आणि त्यांनी मी पाहिलेलं पाहिलं. तय्यबभाईंनी शेवया खाऊन झाल्यावर कागद काढला. मी म्हटलं, "भाईजान, हा आत ठेवा. मी अजून मुलगी पाहिलेली नाही."

मग मी अंगणात बसलो. सांगून बसलो की उचलणार नाही, बोलावणार नाही, नुसता बसेन. पहिला दिवस ती दाराआडून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिरकी तिरकी खाटेपर्यंत आली आणि परत फिरली. तुम्ही बरोबर लिहिलं होतं, खेकडाच. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या सदऱ्याचं बटण तिनं तोंडात घातलं. मी श्वास घेतला नाही. रिफअत आपा खांबापाशी उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "बटण काढून घ्या, गिळेल." मी काढून घेतलं तर तिनं खालचा ओठ काढला. तो खरंच माझा आहे.

संध्याकाळी मी आपांना सांगितलं की सही करणार नाही. त्यांनी पदर तोंडात धरला. मग सांगितलं की तिला नेणारही नाही. जिचं दूध ती प्यायली तिच्यापासून मी तिला तोडणार नाही, माझ्यावरून मला ते कळलंय, आणि कुणी मला तिच्यापासून लपवलेलंही मला चालणार नाही. आपांनी पदर सोडून डोळे पुसले. मग म्हणाल्या, "दर जुम्म्याला या. पण मग दर जुम्म्याला या. एक जुम्मा आणि मग सहा महिने, असं नको. ती बटण शोधत बसेल."

जेद्दाहला नकार कळवलाय. लोहामंडीत बुटांच्या एका कारखान्यात तळवे कापायचं काम आहे, मुराद अलीच्या ओळखीचं. पहिल्या तारखेपासून आग्र्याला येतो. तिथून फिरोझाबाद बसनं दोन तासांवर आहे.

खालची खोली रिकामी करा. तुमच्यावरचा राग गेलेला नाही, फूफी. कधी जाईल ते सांगता येत नाही. पण राग घेऊन राहायला जावं असं घर मला तुमचं एकच आहे. जिन्याला दोरी बांधून घेतली का?

इश्तियाक

*

फिरोझाबाद, २ डिसेंबर १९८३

इश्तियाक मियां, दुआ.

तय्यब उद्या सकाळी आग्र्याला येतायत, त्यांच्या हाती ही चिठ्ठी देते.

तुम्हाला ताप आहे असा फूफींचा निरोप काल मिळाला. बरं केलंत, आला नाहीत. थंडीत बसमध्ये बसून वाढवून घेतला असता.

पण इथे काय झालं ते सांगते. आज जुम्मा हे तिला कसं कळतं, मला माहीत नाही. कदाचित मुलं नवे कपडे घालून नमाजाला निघतात त्यावरून असेल. तुम्ही शिवून आणलेले ते लाल बूट तिनं कोनाड्यातून काढले, डावा उजव्या पायात घातला, दुसरा हातात धरला, आणि दाराशी जाऊन बसली. मी म्हटलं, "सब्बो, आज अब्बा येणार नाहीत, अब्बांना बुखार आहे." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तुम्हाला कुठे कोंडून ठेवलंय. जेवायला उठली नाही. मी तिथेच भरवलं. ऊन अंगणातून गेलं तरी बसून होती. शेवटी तिथेच झोपली, तेव्हा उचलून आत आणली. बूट हातातून सुटला नाही.

तिच्याजवळ बसून मी बराच विचार केला. मी तुम्हाला म्हणाले होते, तुम्ही आला नाहीत तर ती शोधत बसेल. तुम्ही पाच महिन्यांत एक जुम्मा चुकवला नाही. आता ती खरंच शोधते. मला वाटलं होतं, त्या दिवशी मला वाईट वाटेल. वाटलंच. पण त्याबरोबर आणखी एक वाटलं, ते मला नीट लिहिता येत नाही. नुजहत असती तर तिला सांगितलं असतं.

मंगळवारी मी तिला घेऊन येते. आठ दिवस तिथे राहू द्या. पुढे काय ते आपण बसून ठरवू, कागद नको. सकाळी तिला दूध घट्ट आणि कोमट लागतं, साय काढून. खिचडीत मिरची नको. गच्चीवर नेलंत तर कडेवरून खाली सोडू नका. झोपताना तिला कुणाचा तरी कान धरायची सवय आहे. पहिल्या रात्री माझाच मागेल, तुम्ही आपला द्या. थोडी रडेल, मग धरेल.

मी त्याच दिवशी परत फिरेन. मला संध्याकाळच्या बसमध्ये बसवून द्या, आणि बस सुटेपर्यंत थांबू नका. तिला घेऊन लगेच घरी जा.

रिफअत